चार लाख चौऱ्याहत्तर हजार एक

लश्करच्या मोठ्या टपालघरात
सव्वीस वर्षं एकच संख्या माझ्या अंगठ्याखालून गेली.
४७४००१.
पहिला चार सगळ्यांचाच, पुण्याचा, नागपूरचा, आमचाही.
तेवढं माहेर मला पुरत असे.

रात्रपाळीत झाशीकडच्या थैल्या धुक्यात अडकायच्या.
मी वजनाच्या रजिस्टरच्या पाठीवर भागाकार मांडायची.
दोन नाही. तीनही नाही, अंकांची बेरीज सोळा.
पाच नाही. सातने भागलं तर तीन उरतात.
"नहीं टूटेगा, मैडम," कुशवाह म्हणाला,
"पीछे एक लगा है. शगुन का."
खरंच की. आहेरावर आपण एक चढवतो
तो यासाठीच ना, की रकमेचे वाटे पडू नयेत?
मी पैज लावली: ही मूळ संख्या आहे. एक किलो गजक.

पैज हरले ती तारवाल्या हरगोविंदच्या मुलीमुळे.
बापाचा डबा घेऊन आलेली, सातवीतली, नाक वाहतंय.
काउंटरवर बोट टेकवून म्हणाली, एक सोडून एक मोजा.
चार, चार, शून्य. आठ.
सात, शून्य, एक. आठ.
तराजू सरळ. वजाबाकीत काही उरलं नाही,
म्हणजे अकरा.

काही न उरण्याला या गावात जुनी खूण आहे.
वर, किल्ल्याच्या चढावर, देवळाच्या भिंतीत
कुणीतरी बागेचं माप कोरलं, दोनशे सत्तर हात,
आणि सत्तावीसच्या शेजारी एक लहानसं गोल ठेवलं.
आमच्या संख्येत तशी दोन आहेत.
एक पुसलं तर अकरा रुसून जातो.
दोन्ही पुसली तर अकरा परत येतो, बाकीचे हरवतात.

अकरा काढला की राहतात ४३०९१.
त्यांनी माझा सगळा पौष खाल्ला.
एकतिसाने भागलं, फक्त एक उरला.
त्या एकावर मी किती चिडले!
सदतिसाने तेवीस.
मग एक्केचाळीस, आणि खाली कोरी रेघ.
१०५१.
त्याच्या दारावर अकरा जणांना पाठवलं,
दोनापासून एकतिसापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांना.
तेहेतिसाचा वर्ग त्याला ओलांडतो, पुढे जायचं कारण नव्हतं.
दार उघडलं नाही.
एक हजार एक्कावन्न.
म्हणजे फोडून फोडून आत आहेरच निघाला.
गजक मी कुशवाहला दिलं, अर्धं त्या पोरीला.

त्याच फेब्रुवारीत एक पाकीट आलं.
डावखुरं अक्षर, गावाचं नाव चहात विरघळलेलं,
आणि पिन उलटा लिहिलेला: १००४७४.
अशी जागा कुठे नाही.
दिल्लीचा शिक्का, अंबाल्याचा, पुन्हा दिल्लीचा,
पाच आठवडे ते बेवारशी हिंडलं
आणि कुणाच्या तरी कंटाळ्याने माझ्या टेबलावर पडलं.
पाठमोरं माणूस चालीवरून ओळखावं
तशी मी ती संख्या ओळखली.
शितोळे, माधवगंज. आत चिकटवलेला रुपया बोटाला लागत होता.

सवयीने तीही फोडली.
दोन. अकरा, तो उलटा केला तरी अकराच.
आणि मग
४५६७.
चार पायऱ्या, एकीपुढे एक,
नकाशात जिला घर नाही अशा संख्येच्या पोटात.
चढून पाहिलं. तीही मूळच.

कुशवाह पाकीट देऊन आला.
म्हणाला, लग्न तर कधीच झालं,
मुलगी सासरी गेलीसुद्धा.

आता मी थाटीपूरला राहते. ४७४०११.
दहाच घरं पुढे, आणि सगळा स्वभाव वेगळा.
अकराने भागलं तर दहा उरतात.
सतरा सापडला, पहिल्याच दुपारी.
खाली राहिले सत्तावीस हजार आठशे त्र्याऐंशी.
वीजबिलाच्या पाकिटावर लिहून
फ्रिजवर ठेवलेत.
अजून हात लावलेला नाही.